क्लॅरिनेटच्या पेटीतले दोन दात

“मॅडम, तोंड बघितलं की तुम्हांला अख्खा माणूस कळतो म्हणता, मग आमच्या देठे सरांचं काय कळलं?”

तोंड माझं, प्रश्न तबस्सुमचा. ती मागच्या बाकावरून माझ्या पाठीत पट्टी टोचत होती आणि कुजबुजत होती, “विचार की, जावीर. घाबरलीस व्हय? विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलते.” मी तेव्हा आठवीत होते आणि ‘घाबरलीस व्हय’ एवढं म्हटलं की मला काहीही करायला लावता यायचं. आता बारावीत आहे. आताही फार फरक पडलाय असं नाही.

आटपाडीच्या आमच्या शाळेत दोन दिवसांचं दातांचं शिबिर होतं. एसटी स्टँडमागं नुकताच दवाखाना घातलेल्या डॉक्टर शर्वरी लिगाडे आल्या होत्या. फोटो काढायचा म्हणून सगळ्यांत आधी मुख्याध्यापक देठे सर खुर्चीत बसले, आणि शिपायाच्या हातातला मोबाइल ऐन वेळी अडकला म्हणून चांगली तीन मिनिटं आ वासून बसले. ते दृश्य बघितल्यावर तबस्सुमला प्रश्न सुचला नसता तरच नवल.

देठे सर दारातच उभे आहेत, हे मला प्रश्न विचारून झाल्यावर दिसलं.

डॉक्टर मॅडमनी हातातली बॅटरी बंद केली. “सरांचं काय कळलं ते मी सरांनाच सांगेन. एका पेशंटचं दुसऱ्याला सांगायचं नसतं. तुझं सांगू?”

“सांगा.”

“ये इकडे. आ कर.” त्यांनी बॅटरी मारली. “दात छान आहेत. पण आज मधल्या सुट्टीत चिक्की खाल्लीस. शेंगदाण्याची. अर्धी अजून दाढेतच आहे.”

पोरं हसली. मला गप्प बसायचं कधी कळलंच नाही. मी म्हणाले, “ती माझ्यासाठी नव्हती मॅडम. आमच्या आप्पांसाठी घेतलेली. मी नुसती चव बघितली. त्यांचा दात पाडायचाय.”

आता पोरं बाकं बडवायला लागली. देठे सरही हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

“कुणाचा दात?”

“वडलांचा. वरचा, पुढचा. सहा महिने झाले हलतोय, पण पडायचं नावच घेत नाही.”

“किडलाय?”

“नाही. आमच्यात कुणाचे किडत नाहीत. क्लॅरिनेटनं पडतात.”

“वय काय त्यांचं?”

“चाळीस.”

त्यांनी माझं नाव एका कागदावर लिहून घेतलं. आसावरी जावीर. “दुपारच्या सुट्टीत मला भेट,” म्हणाल्या, आणि पुढच्या मुलीला आ करायला सांगितलं.

*

आमचं घर बँडवाल्यांचं. तात्या म्हणजे माझे आजोबा क्लॅरिनेट वाजवायचे, त्यांच्यानंतर थोरले चुलते, नाना, वाजवायचे, आणि आता आप्पा. क्लॅरिनेट तेच, तात्यांचं. त्याला घरात एक रीत होती. वाजवताना वरचे पुढचे दोन दात क्लॅरिनेटच्या तोंडावर टेकवावे लागतात. त्यातला एक पडला, की वाजवणाऱ्यानं क्लॅरिनेट खाली ठेवायचं आणि सगळ्यांसमोर पुढच्याच्या हातात द्यायचं. पडलेल्या दाताला हळद लावून तो कुंकवाच्या छोट्या डबीत घालायचा आणि डबी क्लॅरिनेटच्या पेटीत ठेवायची, जिथं जास्तीच्या पत्त्या, म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाला बसवायच्या वेताच्या पातळ पट्ट्या, असतात तिथं. तात्यांनी अडतिसाव्या वर्षी क्लॅरिनेट ठेवलं, नानांनी बेचाळिसाव्या. नाना आता वरातीत सगळ्यांच्या पुढं काठी घेऊन चालायचे आणि कौतुकानं बोळकं उघडून दाखवायचे. “दात दिल्याबिगर जावीराचं वाजवणं पुरं हुत न्हाय,” असं ते दर लग्नात एकदा तरी म्हणायचे.

आप्पांनंतर कोण, हा प्रश्न होता. नानांची दोन्ही पोरं चाकणला कंपनीत लागलेली. आणि आप्पांना मी एकटी.

मला ते क्लॅरिनेट हवं होतं. किती हवं होतं ते मला नीट सांगता यायचं नाही. सकाळी सहाला आप्पा मागच्या पत्र्याच्या खोलीत एकच लांब सूर धरायचे. आधी तो जेमतेम ऐकू यायचा, मग भरत जायचा, मग भांड्यांच्या मांडणीतली ताटं बारीक थरथरायची. मी अंथरुणात डोळे मिटून पडायचे आणि माझा श्वास त्यांच्या श्वासाबरोबर धरायचे. माझा कायम आधी संपायचा. त्यांनी एकट्यानं धरलेला तो सूर मी शेवटचा ऐकला त्याला आता चार वर्षं झाली. अजून सहाला जाग येते, आणि अजून कान आधी त्या भिंतीकडेच जातात.

सातवीच्या सुट्टीत मी आप्पांच्या मागं लागले होते. मला शिकवा, मला हातात द्या. ते हसण्यावारी न्यायचे. शेवटी एकदा चिडून म्हणाले, “रीत हाय ती हाय, बाय. हा दात पडला की क्लारनेट तुझं. नाना नगं म्हणाला तरी तुझं. मंग तर झालं?”

बोलून गेले आणि फसले. कारण पंधरा दिवसांत दात खरोखरच हलायला लागला.

त्यानंतर मी रोज सकाळी विचारायचे, “आप्पा, हलला का?” ते ओठ वर करायचे. मी बोट लावून बघायचे. काल इतका, आज इतका. मला इतका आनंद व्हायचा की मी शाळेत नाचत जायचे. आणि नुसती वाट बघण्यातली मी नव्हते. मी त्यांना उसाचे करवे सोलायला लावायचे, दातानं. स्टँडवरच्या गाड्यावरून कडक चिक्की आणायचे, गूळ जास्त घातलेली. म्हणायचे, “खावा की आप्पा, तुमच्यासाठी आणलीय.” ते खायचे. सहा महिने खात होते.

*

दुपारच्या सुट्टीत मी हे सगळं मॅडमना सांगितलं. चिक्कीचं गमतीनं सांगितलं, डबीचं अभिमानानं. त्या डबा खात होत्या. डबीचं ऐकल्यावर त्यांनी डबा बंद केला.

“ते दात अजून आहेत?”

“आहेत की. दोन्ही. एकदम पांढरे. बघायचेत?”

“उद्या आणशील? घरी विचारून आण.”

विचारून आणायचं म्हणजे आणायचंच नाही, हे मला ठाऊक होतं. ती पेटी आप्पांशिवाय कुणी उघडत नसे. घरी गेले तेव्हा ते ओसरीवर बसून पत्ती घासत होते. शेजारी पाण्याचा तांब्या. तांब्या आता कायमच त्यांच्या शेजारी असायचा. फुंकणाऱ्याचा घसा वाळायचाच, असं आमच्यात सगळे म्हणायचे. आई आत मशिनवर आप्पांची लाल वर्दी शिवत होती. खांद्याला ढगळ व्हायला लागली होती म्हणून दुसऱ्यांदा आत घेत होती. वराती करकरून माणूस वाळतोच, असंही आमच्यात सगळे म्हणायचे.

“ह्या पत्तीत राम न्हाय,” आप्पा म्हणाले. “तिसरी बदलली. सूर फाटतोय.”

“पत्तीचं कशाला नाव घेता?” आई आतून म्हणाली. “मागल्या महिन्यात क्लारनेटचा बूच बदलून आणलासा. त्याच्या आदी मिरजेला नेऊन चाव्या नीट केल्या. आता काय बाजारात नवा मालक बघायचा क्लारनेटाला?”

“हवा बदललीय. दमट हाय.”

“आटपाडीत?” आई म्हणाली. “इथं माणसं पाण्यासाठी टँकरची वाट बघत्यात आणि ह्यांची हवा दमट.”

आप्पा हसले. हसताना त्यांनी ओठ खाली ओढून धरला. अलीकडं ते तसंच हसायचे.

ते अंघोळीला गेले तेव्हा मी पेटी उघडली आणि डबी दप्तरात टाकली. पेटीतून लाकडाचा, तेलाचा आणि आप्पांच्या तोंडाचा असा मिळून एक वास आला. शेवटचा वास हल्ली गोडसर, सडक्या फळासारखा झाला होता. मला तो आवडायचा नाही, पण तो क्लॅरिनेटचा आहे असं मी धरून चालले होते.

*

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पांढऱ्या कागदावर डबी उपडी केली. दोन दात टकटक करत पडले. हळदीनं पिवळे झालेले, पण अखंड. लांब मुळांसकट.

मला वाटलं होतं त्या म्हणतील, वा, किती चांगले राखलेत. त्यांनी एक दात चिमट्यानं उचलून उजेडात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

“कीड नाही ना मॅडम?”

“नाही. हेच तर.” त्यांनी तो खाली ठेवला. “असा दात आपोआप पडत नाही, आसावरी. फुंकून तर मुळीच पडत नाही. मोठ्या शहरांत सत्तर-सत्तर वर्षांची माणसं क्लॅरिनेट वाजवतात स्वतःच्या दातांनी. झाड धडधाकट आहे. त्याच्या खालची माती गेलीय.”

मला कळलं नाही.

“तुझे आजोबा कशानं गेले?”

“पायाला खिळा लागला होता. वरातीत. जखम चिघळली. पाय कापला, तरी भरली नाही.”

“आणि नाना? ते बरे आहेत?”

“हो. एकदम. डोळ्यांनी जरा अंधुक दिसतं, एवढंच. वरातीत मी कधीकधी त्यांचा हात धरून चालते.”

“वडील पाणी फार पितात?”

मी हो म्हणायला तोंड उघडलं. तांब्या आठवला. वर्दी आठवली. पेटीतला वास आठवला. तोंड उघडंच राहिलं, आणि तोंड बघितलं की त्यांना कळायचंच.

“ही साखर असू शकते,” त्या म्हणाल्या. “रक्तातली. तपासल्याशिवाय मी नक्की म्हणणार नाही. पण साखर वाढली आणि कुणी बघितली नाही, की हिरड्या सुटतात, आतलं हाड झिजतं आणि चांगला दात नुसता उभा राहतो. कधी डोळे अगोदर सांगतात, कधी पाय. तुमच्या घरात तोंडानं अगोदर सांगितलं. तुम्ही त्याला हळद लावून ठेवलंत.” मग माझ्याकडं बघून त्यांचा आवाज खाली आला. “तुम्हांला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून. उद्या शनिवार. वडलांना दवाखान्यात घेऊन ये. नानांनाही.”

“साखर म्हणजे… गोड खाल्ल्यानं वाढते का?”

“असलेली वाढते.”

तबस्सुम बाहेर माझं दप्तर घेऊन उभी होती, पैजेप्रमाणं. “काय म्हणाल्या गं? दात विकत घेणार का?” तिनं विचारलं. मी तिच्या हातातून दप्तर ओढून घेतलं आणि घरापर्यंत एक शब्द बोलले नाही. तबस्सुमला वाटलं, माझी तब्येत बिघडली.

*

त्या संध्याकाळी नाना आले होते. तुळशीची लग्नं लागली की सीझन सुरू, त्याचं बोलणं चाललं होतं. मी ओसरीवर गेले तसा आप्पांनी न बघता हात पुढं केला.

“आण.”

“काय?”

“चिक्की. आज इसरलीस व्हय?”

“देणार नाही,” मी म्हणाले.

“का बरं? गाडावाला गावाला गेला का काय?”

मी डबी काढून त्यांच्यासमोर ठेवली. नानांनी डोळे बारीक करून बघितलं, काय आहे ते त्यांना दिसलं नाही. आप्पांना दिसलं.

“पेटी उघडलीस?” एवढंच ते म्हणाले. त्यांनी मला कधी मारलं नाही. त्या दिवशी मारतील असं वाटलं.

मी एका दमात सगळं सांगितलं. मॅडम, साखर, हिरड्या, हाड, तात्यांचा पाय, नानांचे डोळे. नाना मधेच म्हणाले, “आरं, ही काय बोलाय लागलीया? तात्याला खिळा लागला हुता. मी हुतो तितं.”

“खिळा सगळ्यांना लागतो, नाना. सगळ्यांचा पाय कापत न्हाईत.”

“कालची पोर मला शिकवती,” नाना आप्पांना म्हणाले. “म्हंजी तात्यानं दात दिला, मी दिला, ते काय आजारपण हुतं? गावात तोंड दाखवायला जागा ठिवशील का न्हाय? ज्या क्लारनेटानं पोटाला घातलं, त्याला दात दिला आमी. रोगानं न्हाय पडला.”

“दवाखान्यात जायाचं म्हंजी सुई आली,” आप्पा म्हणाले. “आन् मला कुठं काय हुतंय? ताप न्हाय, खोकला न्हाय. दात हलतोय, हलू दे. पडायचाच हाय. तुलाच घाई हुती की.”

ते सहज म्हणाले.

“आप्पा, मी ऊस आणायचे, चिक्की आणायचे… ते तुमचा दात लवकर पडावा म्हणून. तुम्हांला आवडतं म्हणून न्हाय.”

“ठाऊक हाय की मला.”

“ठाऊक होतं?”

“चिक्कीसंगं रोज माझ्या तोंडाकडं बगत बसायचीस. मी काय आंधळा हाय का?” मग नानांकडं बघून, “तुला म्हणत न्हाय रं.” परत माझ्याकडं वळले. “म्हटलं, पोरीला लई आशा हाय. पडू दे एकदाचा.” ते थांबले. त्यांनी पत्ती उचलली, बोटांत फिरवली, ठेवली. “मलाबी घाई हुती, सावे. सूर धरला की दात ठणकतोय. टाळूपतूर कळ जाती. पत्तीत काय खोट न्हाय. पत्ती चांगली हाय.”

आत मशिन चालू होतं ते बंद झालं. आई लाल वर्दी हातात घेऊन दारात आली.

“उद्या सकाळी जायाचं,” ती म्हणाली.

“अगं, पन—”

“दोनदा आत घेतली मी ही वर्दी. ह्या शिवणीच्या आत आता कापड न्हाय. तिसऱ्यांदा मला घ्यायची न्हाय.” तिनं वर्दी आप्पांच्या मांडीवर टाकली. “आन् भावजी, तुमीबी येनार. हाताला धरून न्याला पोरगी हायच.”

*

दवाखान्यात आप्पा सुईला घाबरत नाही असं दाखवत भिंतीवरचं दाताचं चित्र वाचत बसले. मॅडमनी बोटातून थेंबभर रक्त घेतलं आणि हातातल्या छोट्या यंत्रावर चारशे बारा आकडा आला.

“हे यंत्र बिघडलंय,” आप्पा म्हणाले. “ह्याची पत्ती बदलून बघा.”

मॅडमनी खरंच पट्टी बदलली. चारशे नऊ.

नानांचा आकडा तीनशेच्या जवळ आला. नानांनी तो दोनदा विचारला आणि मग खिडकीकडं तोंड करून बसले. तिथूनच, कुणाकडं न बघता, म्हणाले, “तात्या बी लई पाणी प्यायचा रं.” एवढंच.

मॅडमनी शेजारच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, दोघांसाठी चिठ्ठ्या लिहिल्या. मग आप्पांना खुर्चीत आडवं केलं. आप्पांच्या तोंडात बॅटरी मारलेली मी पहिल्यांदाच बघितली. मी सहा महिने त्या दाताला रोज बोट लावत होते. त्याच्या भोवतीची हिरडी जांभळी झालेली, त्यातून रक्त येतंय, हे मी बघितलंच नव्हतं. मी फक्त तो किती हलतो ते बघत होते.

“काढून टाका की, बाई,” आप्पा म्हणाले. “हिला क्लारनेट दिऊन मोकळा होतो.”

“इतक्या साखरेत मी दात काढणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “आधी साखर खाली येऊ द्या. हिरड्या साफ करू, दाताला शेजारच्या दातांबरोबर तारेनं बांधू. धरला तर धरला. खात्री देत नाही. पण चार महिने वाद्य तोंडाला लावायचं नाही.”

“चार म्हयने म्हंजी सीझनच.”

“हो.”

“आन् मंग वाजवता यील?”

“तेही मी नक्की सांगत नाही,” मॅडम म्हणाल्या. “पाय वाचेल. डोळे वाचतील. हे मात्र नक्की सांगते.”

आप्पांनी मान हलवली, एखाद्याला दुसऱ्याच माणसाची बातमी सांगावी तशी.

*

संध्याकाळी ऊन कलल्यावर आप्पांनी ओसरीवर पाट मांडला आणि पेटी आणून त्यावर ठेवली. नानांना बसवलं. आईला बोलावलं. मला समोर बसायला सांगितलं. त्यांनी अंघोळ करून धुतलेली टोपी घातली होती.

“रीतीपरमानं दात आदी पडाय पायजे,” ते म्हणाले. “पन आता चार म्हयने हे गप पडून राहनार. आन् म्होरं काय हुईल ते डाक्टरीणबाईलाबी ठाऊक न्हाय. कशाला ताटकळायचं? साखर उतरली की दात काढून घेतो. क्लारनेट आजच देतो. दादा, तुज्यासमोर देतोय.”

“पोरीला?” नाना म्हणाले. पण त्यात कालचा जोर नव्हता.

“माज्या घरात दुसरं कोन हाय?”

त्यांनी तुकडे जोडून क्लॅरिनेट पुरं केलं, पत्ती ओली करून बसवली, आणि दोन्ही हातांवर आडवं धरून माझ्यापुढं केलं.

सहा महिने मी या घटकेसाठी झुरत होते. अंथरुणात पडून मी हे किती वेळा बघितलं होतं, आप्पा देतायत, नाना बघतायत, मी हात पुढं करतेय. सगळं तसंच होतं. फक्त देताना त्यांचे हात क्लॅरिनेट सोडत नव्हते. मी दुसऱ्या बाजूनं धरलं तरी ते धरूनच होते, आणि त्यांनाही ते कळत नव्हतं.

“घे की,” आई म्हणाली. तिला बघवत नव्हतं.

मी घेतलं. ते मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. मी दात टेकवले, ओठ आवळले आणि फुंकलं.

“आयला,” नाना म्हणाले, “रेडकू अडकलं का काय?”

आई हसली. मी परत फुंकलं. या वेळी सूर आला, जाडा, ओबडधोबड, पण सरळ. माझी बोटं कुठल्याच भोकावर नीट बसत नव्हती, त्यामुळं तो जिथल्या तिथं उभा होता. मी छातीतला होता नव्हता तेवढा श्वास त्यात घातला आणि आप्पांकडं बघितलं.

आप्पा डोळे मिटून बसले होते. तोंड घट्ट बंद. पण मांडीवर त्यांची दहाही बोटं चालली होती. माझ्या एका सुराला ती खाली नेत होती, वर काढत होती, मुरडत होती. मला ऐकू येत नव्हतं ते सगळं त्यांना ऐकू येत होतं. माझा श्वास संपला, सूर तुटला, तरी बोटं थोडी पुढं गेली आणि मग थांबली. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

मी क्लॅरिनेट पाटावर ठेवलं नाही. पेटीतही ठेवलं नाही. ते त्यांच्या मांडीवर, त्यांच्या बोटांखाली ठेवलं.

“नगं?” त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, मी आता काही बोलले नाही तर मला रडू येईल, आणि मला नानांसमोर रडायचं नव्हतं.

“आप्पा, आई, माझं ठरलंय,” मी म्हणाले. “दात काढायचा न्हाय. डॉक्टर म्हणतील तेवढे दिवस तार राहू दे. क्लारनेट तुमचंच राहील. सोमवारपासून सकाळी सहाला मी मागच्या खोलीत येणार, तुम्ही माझ्या पाठीमागं उभं राहून दोन्ही हात पुढं घ्यायचे. फूक माझी, बोटं तुमची.”